ओरडणारं कर्ज आणि कापणारं कर्ज

घरात पाच कर्जं असली की त्यांतलं एखादंच ओरडतं. बाकीची मुकाट बसून असतात. बचत गटाची मंगळवारची बैठक असते, शेजारच्या ओसरीवर दहा बाया बसलेल्या असतात, एकीचे पैसे कमी पडले की सगळ्यांच्या माना वळतात. ते कर्ज ओरडतं. क्रेडिट कार्ड मात्र कधी दारात येत नाही. ते महिन्यातून एकदा अगदी अदबीनं कळवतं की या वेळी फक्त १,९०० रुपये भरले तरी चालेल. चालतंही. त्यातच तर गोम आहे.

नागपूरच्या महालातल्या एका पतसंस्थेच्या काउंटरवर मी बरीच वर्षं काढली. थकबाकीदार समोर येऊन बसला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे, “कोणाचं आधी देता?” उत्तर जवळपास नेहमी एकच, “ज्याचा फोन येते त्याचं, काका.” कष्टाळू, हिशेबी माणसंही हेच सांगत. शंभर रुपयांच्या भाजीत सांभार, म्हणजे कोथिंबीर, फुकट मागून घेणारी बाई कार्डावर महिन्याला दीड हजार रुपये नुसतं व्याज भरत असते, आणि ते तिला कोणी सांगितलेलं नसतं.

या लेखात एवढंच करायचं आहे. कोणतं कर्ज किती कापतं ते मोजायचं आणि त्याप्रमाणे रांग लावायची. पैसे वाढवण्याचा मंत्र माझ्याकडे नाही. आहेत त्याच पैशात किती फरक पडतो, ते मात्र आकड्यांत दाखवता येतं.

मानेवाड्याचं एक घर

हे घर मी तीन-चार घरं मिसळून तयार केलं आहे, तेव्हा कोणी ओळखायच्या भानगडीत पडू नका. नवरा हिंगणा एमआयडीसीत कामाला, हातात १९,००० येतात. बायको घरी ब्लाउज शिवते, लग्नसराईत जास्त, पावसाळ्यात कमी, सरासरी ८,००० धरा. एकूण २७,०००. घर वडिलांचं, म्हणून भाडं नाही. दोन मुलं, एक आजी.

किराणा ६,०००, दूध १,८००, गॅस ९००, वीज १,२००, मुलांची शाळा-ट्यूशन २,५००, पेट्रोल २,०००, आजीची औषधं १,०००, मोबाइल ६००. बेरीज १६,०००. यात हौसमौज कुठेच नाही, हे तुम्हीच पाहा.

आता कर्जं. पतसंस्थेचं ६२,००० बाकी, १४ टक्के, किस्त ३,०००, दोन जामीनदार. बचत गटामार्फत घेतलेलं मायक्रोफायनान्सचं २८,००० बाकी, २४ टक्के, किस्त २,२००. दुचाकीच्या कर्जाची किस्त ३,१००, अजून ११ राहिल्या. ‘नो कॉस्ट’वर घेतलेला मोबाइल, किस्त १,८००, ५ राहिल्या. क्रेडिट कार्डावर ३८,००० बाकी, दर महिन्याला कमीत कमी रक्कम म्हणजे १,९०० भरतात. शिवाय साळ्याकडून हातउसने २५,०००, त्याचं व्याज नाही, किस्तही नाही, फक्त बहिणीच्या घरी जेवायला आला की घास अडकतो.

किस्तींची बेरीज १२,०००. खर्च १६,०००. एकूण २८,०००, मिळकत २७,०००. दर महिन्याला हजाराची तूट, आणि ती तूट कार्डावर जाते. म्हणजे किराण्याच्या दुकानात कार्ड घासतात.

मायक्रोफायनान्ससाठी रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम असा आहे की घराच्या सगळ्या कर्जांच्या किस्ती मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत. आपलं घर ४४ टक्क्यांवर आहे. कागदावर या मर्यादेत बसतं. पण २७,००० कमावणाऱ्याचे ४४ टक्के आणि दोन लाख कमावणाऱ्याचे ४४ टक्के ही एकच गोष्ट नव्हे. पोटाचा खर्च टक्क्यांत कमी होत नाही.

टक्का कशाचा, ते विचारा

आपल्याकडे कर्जाचा सगळा गोंधळ ‘टक्का’ या एका शब्दात आहे. इतवारीत कोणी म्हणालं, “पाच टक्क्यानं घेतले,” तर ते महिन्याचे पाच असतात, वर्षाचे साठ. बँकेवाला ‘चौदा टक्के’ म्हणतो ते वर्षाचे. कार्डवाला ‘साडेतीन’ म्हणतो ते महिन्याचे, म्हणजे वर्षाला ४२. कानाला साडेतीन हा चौदापेक्षा लहान वाटतो, आणि माणूस फसतो. कोणताही दर ऐकला की आधी विचारायचं, महिन्याचा की वर्षाचा?

दुसरा प्रश्न, कशावर? दुचाकीचं कर्ज पाहा. ६०,००० घेतले, शोरूममध्ये सांगितलं ‘१२ टक्के फ्लॅट, दोन वर्षं’. दोन वर्षांचं व्याज १४,४००, एकूण ७४,४००, भागिले २४, किस्त ३,१००. हिशेब स्वच्छ दिसतो. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल परत करत असता. शेवटच्या महिन्यात तुमच्याकडे त्यांचे तीन हजारच उरलेले असतात, तरी व्याज पूर्ण साठ हजारांवर लावलेलं असतं. हेच कर्ज घटत्या बाकीवर मोजलं तर दर निघतो साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास. सांगितलं १२, घेतलं २१.५. फ्लॅट दर ऐकला की साधारण दुपटीला थोडं कमी, असा ठोकताळा धरा.

हे शोधायला आता गणित यायची गरज नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना घरगुती कर्ज देताना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा कागद द्यावाच लागतो, ग्राहकाला समजेल अशा भाषेत. त्यात ‘एपीआर’ असं लिहिलेला एक आकडा असतो. व्याज, प्रोसेसिंग फी, सगळे खर्च धरून वर्षाला खरा दर किती पडतो, तो हा आकडा. दोन कर्जांची तुलना त्याच आकड्यानं करायची. शोरूममधला पोरगा किस्त सांगेल, तुम्ही एपीआर विचारा. तो थोडा गोंधळेल. गोंधळू द्या.

आणि ‘नो कॉस्ट’बद्दल. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ सालीच बँकांना लिहून कळवलं आहे. रोखीनं घेतला असता तर जी सूट मिळाली असती ती तुम्ही सोडता, वर प्रोसेसिंग फी आणि जीएसटी देता. त्यालाच ‘फुकट’ म्हणतात. तरी या घरासाठी ते कर्ज वाईट नाही, कारण पाच महिन्यांत संपतं. त्याकडे परत येऊ.

कार्डाचा हिशेब, जरा सावकाश

३८,००० वर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे १,३३० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, २३९. झाले १,५६९. भरले १,९००. म्हणजे मुद्दलातून गेले फक्त ३३१ रुपये. आणि त्याच महिन्यात किराण्याला हजार घासले. म्हणजे १,९०० भरूनही बाकी ६६९ रुपयांनी वाढली.

ही बाई मला म्हणाली होती, “काका, दर महिन्याला भरतो जी आम्ही, एक किस्त चुकली नाही.” खरंच चुकली नव्हती. भरतही होती आणि बुडतही होती.

कार्ड आज कपाटात ठेवलं, एक रुपयाचंही नवीन घासलं नाही आणि दर महिन्याला बरोबर १,९०० भरत राहिलं, तर हे ३८,००० फिटायला ४३-४४ महिने लागतात, साडेतीन वर्षांच्या वर. एकूण जातात जवळपास ८२,०००. आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी दिवसांची सवलत जाते. मग नव्या खरेदीवर घेतल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. म्हणजे त्या किराण्याच्या तुरीच्या डाळीवर शिजायच्या आधीच व्याज लागलेलं असतं.

आता दुसरी बाजू. घरात एक सोन्याची चेन आहे, लग्नातली. ती बँकेत तारण ठेवून ३८,००० उचलले, दर वर्षाला १२ टक्के धरा, आणि कार्ड एकदम फेडून टाकलं. महिन्याचं व्याज ३८० रुपये. तेच १,९०० दर महिन्याला भरले तर साडेबावीस महिन्यांत मोकळे, एकूण गेले ४२,६०० च्या आसपास. किस्त तीच, घर तेच, फरक जवळपास ३९,५०० रुपयांचा. या घराचा दीड महिन्याचा पगार-शिलाई.

सोनं तारण ठेवायचं म्हटलं की आपल्याकडे बायकांचा चेहरा उतरतो, आणि त्यांचं चुकत नाही. बाजारात गहाण टाकलेले दागिने परत न आलेली घरं सगळ्यांनी पाहिली आहेत. म्हणून दोन अटी. एक, सोनं बँकेतच ठेवायचं आणि दर, मूल्यांकनाचा खर्च, मुदत लिहून घ्यायची. सोनेतारण बहुधा १२ महिन्यांचं असतं. ‘वर्षाअखेर एकदम भरा’ हा प्रकार हातावर पोट असणाऱ्यानं घेऊ नये, कारण वर्षाअखेर एकदम पैसे कोणाकडेच नसतात, आणि मग लिलावाची नोटीस येते. दर महिन्याला मुद्दलात जमा करता येईल असंच कर्ज घ्यायचं, मुदत संपली की राहिलेल्याचं नूतनीकरण. दुसरी अट, कार्ड बंद करायचं. बंद म्हणजे फोन करून, लेखी कळवून. कपाटात ठेवलेलं कार्ड दिवाळीला बाहेर येतं. मी अशी घरं पाहिली आहेत जिथे वर्षभरानं चेनही बँकेत होती आणि कार्डावर पुन्हा चाळीस हजारही होते. कार्ड मोडायची हिंमत नसेल तर चेन मोडू नका.

पण हजाराची तूट राहिलीच ना? कार्ड बंद केलं तर किराणा कशानं आणायचा? बरोबर प्रश्न. म्हणून पहिले पाच महिने सोनेतारणात १,९०० ऐवजी ९०० च भरायचे. तूट भरून निघाली. व्याज ३८०, तरी मुद्दल थोडं थोडं कमी होतंय, वाढत नाही. पाच महिन्यांनी बाकी ३५,३५० च्या जवळ येते. तेव्हा मोबाइलची किस्त संपते, १,८०० मोकळे होतात. ते घरखर्चात विरघळू द्यायचे नाहीत. मोकळी झालेली किस्त हा सगळ्यात निसटता पैसा आहे. दोन महिने हातात राहिला की त्याची सवय होते आणि मग तो कुठे जातो ते ब्रह्मदेवालाही कळत नाही. त्याच तारखेला, त्याच दिवशी ते १,८०० सोन्याच्या कर्जाकडे वळवायचे. ९०० अधिक १,८०० म्हणजे २,७००. मग साधारण १४ महिन्यांत चेन घरी. एकूण एकोणीस-वीस महिने.

रांग कशी लावायची

सगळ्यात महाग आधी, हा नियम. या घरात कार्ड पहिलं (त्याच्या जागी आलेलं सोनेतारण दरानं स्वस्त, तरी लिलावाची भीती म्हणून तेही पहिलंच), मग २४ टक्क्यांचं मायक्रोफायनान्स, मग दुचाकी, शेवटी पतसंस्था. जादा पैसा या क्रमानं टाकायचा. बाकीच्यांना ठरलेली किस्त वेळेवर, त्याहून एक पैसा जास्त नाही. काही जण सांगतात की सगळ्यात लहान कर्ज आधी संपवा, मन हलकं होतं. मनाचं मी नाकारत नाही, पण मन हलकं करायला पैसे पडतात. लहान कर्ज दोन-चार महिन्यांत आपसूक संपत असेल तर संपू द्या, मोबाइलसारखं. नाहीतर महाग तेच आधी.

मायक्रोफायनान्सचं कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही, आणि किस्त उशिरा भरली तर दंड थकलेल्या रकमेवरच, पूर्ण कर्जावर नाही. बदलत्या व्याजदराच्या घरकर्जालाही मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. ठरावीक दराच्या वैयक्तिक कर्जाला मात्र असू शकतो, तेव्हा मोठी रक्कम टाकायच्या आधी विचारून घ्या. फ्लॅट दराच्या दुचाकी कर्जात तर आधी फेडून किती व्याज वाचतं ते लेखी मागाच. कधी कधी वाचतं ते चहा-तर्रीपोह्याइतकंच.

सोनेतारण सोडलं तर पतसंस्थेचं कर्ज सगळ्यात स्वस्त, म्हणून रांगेत शेवटी. पण किस्त बुडवायची वेळ आलीच तर तिचा नंबर मात्र सगळ्यात शेवटी. कारण जामीनदार. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हे करार कायद्याच्या कलम १२८ मध्ये सरळ लिहिलं आहे. संस्थेला ‘आधी त्याच्याकडून वसूल करा, नाही जमलं तर माझ्याकडे या’ असं ऐकून घ्यायची सक्ती नसते. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळाला की जामीनदाराच्या पगारापर्यंत हात जातो. आपल्याकडे जामीन कोण राहतं? मेहुणा, कारखान्यातला जोडीदार, मागच्या घरातले काका. मी काउंटरवर कर्जदार रडताना कमी पाहिले, जामीनदार जास्त. म्हणून ओढाताण झालीच तर पतसंस्थेची किस्त दुसऱ्या सगळ्यांच्या आधी. आणि तुम्हाला कोणी जामीन राहायला सांगितलं तर ते कर्ज आपलंच समजून, आपल्या २७,००० मध्ये ती किस्त बसते का ते पाहूनच सही करा. फुकटची सही नसते ती.

तारखेचं दुखणं

कायद्यानं महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यायचा असतो. एमआयडीसीतल्या बहुतेक लहान कारखान्यांत तो बरोबर सातलाच होतो. दुचाकीची किस्त कटते पाचला. खात्यात २,४०० असतात, किस्त ३,१००. बाउन्स. कर्ज देणारा दंड लावतो, बँकही लावते. दोन्हीकडून मिळून आठशे-हजार सहज जातात. वर्षातून तीनदा असं झालं की एक अख्खी किस्त हवेत गेली. पैसा होता, फक्त दोन दिवस उशिरा आला.

यावर उपाय फोनवरचा आहे. कर्ज देणाऱ्याला सांगायचं, तारीख दहा करून द्या. सगळेच करतील असं नाही, पण अर्ज दिल्याशिवाय कोणीच करत नाही. दुसरं, एक वेगळं साधं बचत खातं फक्त किस्तींसाठी. पगार आला त्या दिवशी सगळ्या किस्तींची बेरीज तिकडे टाकायची. त्या खात्याचं कार्ड नाही, फोनवरून पैसे द्यायचं ॲपही नाही. उरलेले पैसे घराचे. मग बाजारात हात आखडतो तो खरा आखडतो.

नागपूरचा महिना एकसारखा नसतो, हेही हिशेबात धरावं लागतं. पुण्या-मुंबईचे सल्ले वाचून केलेलं बजेट इथे एप्रिलमध्ये वितळतं. कूलर रात्रंदिवस चालतो, नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ दिवसांत, तर बंद करायची सोय नसते, आणि १,२०० चं वीजबिल अडीच-तीन हजारांवर जातं. कारण युनिट वाढले की वरचे युनिट महागड्या टप्प्यात जातात, म्हणून बिल वापरापेक्षा जास्त वेगानं फुगतं. त्यातून सावरतो तोच जूनअखेर शाळा उघडतात, वह्या-पुस्तकं-गणवेश. मग पोळा, गणपती. दर वर्षी येणाऱ्या या खर्चांना लोक ‘अचानक’ म्हणतात याचं मला नवल वाटतं. उन्हाळा अचानक येत नाही बाप्पा, निदान नागपुरात तरी नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी विजेचं बिल कमी असतं, शिलाईचं काम लग्नसराईमुळे जास्त. त्या चार महिन्यांत जे चार-पाचशे वाचतात ते एका डब्यात, डब्यावर ‘कूलर’ लिहायचं. भिशी असेल तर आपला नंबर एप्रिल-मेमध्ये घेता येतो का ते पाहायचं. भिशीचे पैसे दिवाळीला उचलण्यात मजा आहे, मेमध्ये उचलण्यात शहाणपण आहे. शिलाईच्या ८,००० चं बजेटही ८,००० वर करू नका. सगळ्यात वाईट महिना धरा, समजा ५,०००, आणि वरचं आलं तर डब्यात.

भरणं जमतच नसेल तेव्हा

कारखान्यात ले-ऑफ, आजी मेडिकलच्या सरकारी दवाखान्यात भरती, हात मोडला. किस्त जाणार नाही हे कळलं की बहुतेक माणसं पहिली गोष्ट करतात ती फोन उचलणं बंद. समजू शकतो. पण किस्त चुकायच्या आधी गेलेल्या अर्जाला आणि चुकल्यानंतरच्या अर्जाला वेगळं वजन असतं. ९० दिवस थकबाकी झाली की खातं बुडीतकडे झुकलेलं धरलं जातं, त्याला एनपीए म्हणतात. त्याआधी बँकेच्या हातात बरंच असतं, मुदत वाढवून किस्त कमी करणं, दोन-तीन महिने फक्त व्याज घेणं. अर्ज लेखी द्यायचा, पोचची सही घ्यायची, कारणाचा कागद जोडायचा, आणि महिन्याला किती भरू शकता तो आकडा स्वतःहून लिहायचा. ‘सांभाळून घ्या’ लिहू नका, ‘तीन महिने १,२०० भरीन’ लिहा.

दंडावर दंड चढत जातो ही भीती जुनी आहे. २०२४ पासून बँका-फायनान्स कंपन्यांना दंडाची रक्कम मुद्दलात मिळवून तिच्यावर व्याज लावता येत नाही. कार्डाचं बिल उशिरा झालं तर तीन दिवस उलटेपर्यंत उशिराचा दंडही नाही.

वसुलीवाल्यांना वेळेचं बंधन आहे. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन नाही. मायक्रोफायनान्सला आणखी कडक, सकाळी ९ ते संध्याकाळी ६. त्यांची वसुली ठरलेल्या जागीच व्हायची असते. सलग दोनदा तुम्ही तिथे गेला नाहीत तरच ते घरी येऊ शकतात. शिवीगाळ, नातेवाइकांना फोन, मोहल्ल्यात बदनामी, यातलं काहीच चालत नाही. झालं तर आधी त्या बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. माहितीसाठी फोन १४४४८. संविधान चौकाला जुनी माणसं अजून आरबीआय चौक म्हणतात, पण या तक्रारीसाठी तिथल्या बिल्डिंगच्या पायऱ्या चढायची गरज नाही, ती ऑनलाइन होते आणि फुकट होते.

‘पोलिसांत देतो’ या धमकीबद्दल. कर्ज फेडता आलं नाही म्हणून तुरुंग होत नाही, तो दिवाणी मामला आहे. मात्र चेक परत गेला तर चेक न वटण्याला फौजदारी गुन्हा ठरवणारं कलम १३८ लागू शकतं, आणि ऑटो-डेबिट बाउन्स झालं तरी २००७ च्या पेमेंट कायद्याचं कलम २५ तसंच काम करतं. म्हणून नोटीस आली तर ती गादीखाली सरकवू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बायकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००. लोक अदालतीत तडजोड होते, तिथे कोर्ट फी लागत नाही. तडजोडीत बँक थोडं सोडते, पण मग तुमच्या सिबिल अहवालात, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, ‘क्लोज्ड’ ऐवजी ‘सेटल्ड’ लागतं आणि पुढचं कर्ज अवघड होतं. दुसरा मार्ग उरलाच नाही तर घ्या. वसुलीवाला ‘सेटलमेंट करून टाका, सगळं क्लिअर’ म्हणतो तेव्हा तो हे सांगत नाही.

आणि या सगळ्या घाईत जे करू नये ते. डेली कलेक्शनवाला येतो, दहा हजार देतो म्हणतो, हजार आधीच कापतो, ९,००० हातात ठेवतो आणि शंभर दिवस रोज शंभर नेतो. रोजचे शंभर सोपे वाटतात. वर्षाचा दर काढला तर ७५ टक्क्यांच्या वर जातो. महाराष्ट्रात सावकारीला परवाना लागतो, २०१४ चा कायदा आहे. शेतकरी नसलेल्या कर्जदाराला तारणावर वर्षाला १५ टक्के आणि विनातारण १८ टक्के, एवढीच मर्यादा ठरलेली आहे. बिनपरवाना सावकाराची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे करता येते. फोनवरची पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲप्सही याच जातीची. फोनमधले नंबर आणि फोटो मागितले की समजा पुढे काय होणार. नियमानं ते मागताच येत नाहीत.

कर्ज फिटल्यावरचा कागद

अकराव्या महिन्यात दुचाकीची शेवटची किस्त जाते आणि ३,१०० मोकळे होतात. यातले हजार साळ्याला. व्याज नाही म्हणून त्याला कायम शेवटी ठेवणं मला पटत नाही, तोही पोरांच्या शाळेची फी भरतो. हजार कूलरच्या डब्यात, उरलेले ११०० मायक्रोफायनान्सवर जादा.

पण दुचाकीचं काम किस्त संपली म्हणून संपत नाही. आरसी बुकवर अजून फायनान्स कंपनीचं नाव असतं. कंपनीकडून ना हरकत प्रमाणपत्र आणि सही-शिक्क्याचे फॉर्म ३५ मागून घ्यायचे, आरटीओत देऊन बोजा उतरवायचा. कंपनी आपणहून पाठवेल म्हणून थांबलेले लोक गाडी विकायच्या दिवशी धावाधाव करतात, तेव्हा प्रमाणपत्राची मुदतही उलटलेली असते. ऑटो-डेबिटची परवानगी बँकेत जाऊन रद्द करायची, दिलेले कोरे चेक परत मागायचे. दोन महिन्यांनी सिबिलचा अहवाल काढून पाहायचा, वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यात ते खातं ‘क्लोज्ड’ दिसलं पाहिजे. पतसंस्थेचं फिटेल तेव्हा दाखल्याच्या तीन प्रती काढायच्या, एक आपल्याला आणि एकेक दोन्ही जामीनदारांच्या घरी नेऊन द्यायची.